चुलत सासऱ्यांची चूक ग्रुपवर दाखवली, आता काय करू?

कोल्हापुरातील राजारामपुरीहून लिहिणाऱ्या ताई,

तुमच्या पत्रातील प्रसंग थोडक्यात असा: शुक्रवार पेठेत राहणाऱ्या तुमच्या चुलत सासऱ्यांनी भर पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ टाकला. तो जुना असल्याचे ओळखून तुम्ही "खात्री केल्याशिवाय काहीही पाठवत जाऊ नका" असे लिहिले आणि पुढे हसणारा चेहरा जोडला. सासरे ग्रुपमधून बाहेर पडले. यजमान माफी मागायला सांगतात आणि तुम्ही विचारता की, खरे बोलल्याची माफी कशासाठी?

खरे बोलल्याची माफी मागूच नका. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या शहरात असा व्हिडिओ आला की माणसे रात्रीच सामान माळ्यावर चढवू लागतात, त्यामुळे दुरुस्ती सर्वांसमोर होणे आवश्यकच होते. पण तुमचे वाक्य पुन्हा वाचून पाहा; व्हिडिओ जुना आहे, हे त्यात कुठेच नाही. आहे ती केवळ सासऱ्यांची कानउघाडणी. "हा व्हिडिओ जुना आहे; पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ अजून 39 फुटांच्या इशारा पातळीच्या खाली आहे, धोका पातळी 43 फुटांची आहे" एवढे लिहिले असते, तर सगळ्यांना माहिती मिळाली असती आणि कोणाकडे बोटही गेले नसते. सवयीबद्दल जे बोलायचे होते, ते फोनवर बोलता आले असते. हसऱ्या चेहऱ्याचे म्हणाल, तर तो गमतीने टाकला होता हे मला फारसे पटलेले नाही, आणि सासऱ्यांनाही पटलेले दिसत नाही.

राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित असल्यामुळे धरण भरले की ते आपोआप उघडतात; पावसाळ्यात ही बातमी कोणालाही खरी वाटावी अशीच असते. शिवाय 2019 मध्ये त्यांच्या घरात पाणी शिरले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ज्याच्या घरात एकदा पाणी शिरले आहे, तो माणूस आधी आपल्या लोकांना सावध करतो आणि खात्री नंतर करतो.

तेव्हा यजमानांना घेऊन त्यांच्या घरी जा. लांबलचक मेसेज पाठवू नका. व्हिडिओ जुना होता यावर ठाम राहा, मात्र "काका, सगळ्यांसमोर तशा शब्दांत बोलायला नको होते" हे स्वतःच्या तोंडाने म्हणा. उणे बोल चारचौघांत गेले असल्याने ग्रुपवरही त्याच अर्थाची एक ओळ लिहा, पण भेट झाल्यानंतर.

राहिला ग्रुपचा प्रश्न. कोणी बाहेर पडले तर त्याची सूचना 2022 पासून फक्त ॲडमिनलाच जाते, आणि तुमच्या ग्रुपचे ॲडमिन यजमानच आहेत; म्हणजे बहुतेक नातेवाइकांच्या हे लक्षातही आले नसेल. यजमानांनी "काका का गेले?" अशी चर्चा तिथे सुरू करू नये आणि त्यांना न विचारता परस्पर पुन्हा जोडूही नये. परत यायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.