आई कशातच भाग घेत नाही, बळेच बसवायचं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात राहणाऱ्या आजींच्या लेकीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आश्रमात चित्रकलेचा तास असायचा. छापील ससे, फुलं. त्यात खडूनं रंग भरायचे. आजी खडू सरकवून उठायच्या, "काहून, मी का बालवाडीत हाय?" लेकीला वाटलं, आई खचली.

बळेच बसवू नये. पण आधी एक पडताळा करायचा. दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, "आता जगून काय" अशी भाषा येत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही बोलता येतं. या आजी मात्र दोन्ही वेळ नीट जेवत होत्या, वर स्वयंपाकघरात डोकावून भाजी कशी चिरली यावर बोलतही होत्या. नकार खडूला होता. त्यातून मोतीबिंदू, कागदावरच्या फिकट रेघा त्यांना दिसतच नव्हत्या, आणि हे त्या कुणाला सांगणाऱ्यातल्या नव्हत्या.

आईचा हात कशावर बसलेला, असं विचारल्यावर लेक म्हणाली, भुलाबाईवर, म्हणजे विदर्भातल्या पोरींच्या गाण्या-खेळाच्या सणातल्या मूर्तींवर. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आळीतल्या पोरींना मातीचे भुलाबाई-भुलोजी त्याच घडवून द्यायच्या.

मग माती आणायचं ठरलं, आणि फसतं ते इथंच. शेतातली काळी माती फुकट मिळते, पण सुकताना आकसून तडकते. कुंभाराकडची चाळलेली माती घ्यावी, माणशी अर्धा किलो, आदल्या रात्री भिजवून. सकाळी तिच्यात थोडा पिंजलेला कापूस तोडून मळावा; तंतूंमुळे भेगा कमी पडतात. बोटं आखडलेली असतील तर कोमट पाणी घ्यावं. खाली पांढरं कापड अंथरलं की मातीचा आकार उठून दिसतो. हाताला चीर असेल, त्यातही मधुमेह असेल, तर त्या दिवशी माती नको. स्मृतिभ्रंशात हातातलं तोंडात जातं, त्यांना बिनमिठाची कणीक द्यावी. मूर्ती सावलीत सुकवावी, उन्हात एक बाजू आधी सुकून चीर जाते. नाश्त्यानंतर अर्धा-पाऊण तास, पाच-सहा जणी, एवढं पुरे.

आजींना "या, करा" असं कुणी म्हटलं नाही. सेविकेनं त्यांच्या समोर माती मळायला घेतली. तिला खरंच येत नव्हतं. (येत असून न आल्याचं सोंग करू नये, म्हाताऱ्या माणसांना ते लगेच कळतं.) "येवढी पातळ? मान पडन ना तिची!" म्हणत आजींनी परात ओढली. दुसऱ्या दिवसापासून शिकवायचं काम त्यांचं. हात थरथरणाऱ्या दोघी भुलाबाईची गाणी म्हणायला आणि त्यातलाच खेळ, डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला बसल्या.

कोजागिरीनंतर काय, हा लेकीचा पुढचा प्रश्न. त्याच मातीच्या पणत्या. मग रांगोळी, जाड चिमटीची, गडद फरशीवर. स्पर्धा आणि बक्षिसं मात्र ठेवू नका. नंबर एकीचा येतो आणि बाकीच्या पुढच्या खेपेला खोलीबाहेर येत नाहीत.