मिफला जाण्याआधी

प्रिय,

मिफचा, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, डेलिगेट पास काढलास, बरं केलंस. आपल्याकडे मॉलमध्ये ॲनिमेशन लागतं ते दीड-दोन तासांचं. पाच-सात मिनिटांची फिल्म मोठ्या पडद्यावर बघायची तर महोत्सवच गाठावा लागतो. मिफ १९९० पासून भरतो, दर दोन वर्षांनी, आणि त्यात माहितीपटांच्या जोडीने ॲनिमेशनही स्पर्धेत असतं.

वेळापत्रक हातात आलं की फिल्मची नावं शोधत बसू नकोस, पॅकेज शोध. छोट्या फिल्म सुट्या दाखवत नाहीत. आठ-दहा एकत्र बांधून ऐंशी-नव्वद मिनिटांचा एक खेळ करतात, मध्यंतर नसतं. छापलेला क्रम ऐनवेळी बदलू शकतो, त्यामुळे ‘माझी फिल्म सहावी आहे, आरामात पोचू’ हा हिशेब हमखास फसतो. उशीर झालाच तर दारात थांब आणि एक फिल्म संपून दुसरी सुरू होताना आत शिर. चार मिनिटांच्या फिल्ममध्ये तू रांगेतून सरकण्यात घालवलेलं अर्धं मिनिट म्हणजे मागच्या माणसाचा एक अख्खा प्रसंग गेला.

दिवसाला तीन पॅकेज पुरेत. तेवढ्यातच पंचवीस-तीस फिल्म होतात. निवड करताना विद्यार्थ्यांच्या फिल्म आणि नाव न ऐकलेल्या दिग्दर्शकांच्या फिल्म आधी घे. गाजलेल्या फिल्म पुढेमागे कुठेतरी सापडतात, या सापडतीलच असं नाही.

खरी अडचण बघण्याची नसते, लक्षात राहण्याची असते. पुढची फिल्म आधीची पुसून टाकते. त्यावर उपाय एकच: श्रेयनामावली चालू असते त्या वीस-तीस सेकंदांत लिहायचं. खिशात मावेल अशी डायरी, एका फिल्मला एक पान. नाव, देश, तंत्र आणि डोळ्यांसमोर राहिलेलं एक चित्र. ‘छान होती’ असं लिहिलंस तर रात्री त्यावरून काहीही आठवणार नाही. ‘म्हातारी स्वेटर उसवते, तशी भिंत उसवते’ असं लिही. पेन नको, पेन्सिल ने. अंधारात बॉलपेनची शाई उमटली की नाही कळत नाही. मोबाइलवर तर मुळीच नको, त्या उजेडाने तीन रांगांचे डोळे दिपतात.

आता पडद्यावर काय बघायचं. हाताने काढलेल्या फिल्ममध्ये पात्राच्या पायांकडे बघ. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम (एकेक स्थिर छायाचित्र) जातात, पण बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, त्याला ‘ऑन टूज’ म्हणतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, सहा मिनिटांच्या फिल्मला ४३२०. एरवी ही काटकसर डोळ्याला कळत नाही. पण पात्र चालतंय आणि कॅमेराही त्याच्याबरोबर सरकतोय, असा शॉट आला की पितळ उघडं पडतं: पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते, पात्र एक फ्रेम सोडून, आणि पाय जमिनीवर घसरल्यासारखे, थरथरल्यासारखे दिसतात. जाणकार ॲनिमेटर एवढ्या शॉटपुरतं दर फ्रेमला नवं चित्र काढतो, नाहीतर कॅमेरा हलवतच नाही. एकदा हे दिसायला लागलं की कुठे जीव ओतलाय आणि कुठे वेळ मारून नेलीय, ते आपोआप कळतं.

मातीच्या बाहुल्या (थोड्या थोड्या हलवून एकेक फोटो काढलेल्या) असतील तर गालावर बोटांचे ठसे शोध. काही जण ते मुद्दाम ठेवतात. मागची भिंत मात्र उजळ-काळी लुकलुकत असेल तर ती चूक समज: दोन फोटोंच्या मधे दिव्याचा उजेड बदललाय, किंवा ॲनिमेटरच्या पांढऱ्या शर्टावरून उजेड परतलाय. म्हणून तर ही मंडळी काळे कपडे घालून काम करतात. काचेवर ओल्या रंगाने केलेल्या फिल्ममध्ये पात्राच्या मागे फिकट डाग राहतो. तोच रंग पुसून-सरकवून पुढची फ्रेम होते, आधीची कायमची जाते. तिथे चूक सुधारायला मागे जाता येत नाही, हे ध्यानात ठेवून बघ.

आवाजाचंही तसंच. चित्राबरोबर आपसूक रेकॉर्ड झालेला आवाज इथे नसतोच. पाऊल वाजलं तर ते कुणीतरी ठरवून वाजवलंय.

दिग्दर्शक बोलायला उभा राहिला तर ‘संदेश काय’ हा प्रश्न दुसरं कुणीतरी विचारेलच. तू विचार की कुठला शॉट पुन्हा करावा लागला आणि का.

भाच्याला बरोबर न्यायचा विचार असेल तर आधी कॅटलॉगमधली वयोमर्यादा बघ. कार्टून म्हणजे मुलांचं, हा समज घेऊन आलेले आईबाप दहाव्या मिनिटाला मुलांचे डोळे झाकत बाहेर पडतात. काही प्रायोगिक फिल्ममध्ये उजेड सारखा झपझपतो. फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी त्या टाळाव्यात.

२०२४ चा महोत्सव १५ ते २१ जूनला पेडर रोडच्या एनएफडीसी-फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात होता. यंदाही तिथेच असेल तर तुझ्या ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, पुढे टॅक्सी. ग्रँट रोडला सगळ्याच फास्ट थांबत नाहीत. घरापासून खुर्चीपर्यंत दोन तास धर. छत्री आणि डबा दोन्ही ने, पेडर रोडला कोपऱ्याकोपऱ्यावर वडापावची गाडी नाही.

ता. क. रविवारचं सकाळचं पॅकेज घेण्याआधी रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते बघ. ट्रान्स-हार्बरवर, म्हणजे तुझ्या ऐरोली-ठाणे मार्गावर, ब्लॉक असला तर ऐरोलीहून सरळ बसने मुलुंड गाठ. आणि रात्रीचा शेवटचा खेळ असेल तेव्हा ठाण्याला पोचण्याची नाही, ठाण्याहून ऐरोलीला सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेव.