कॅसल हॉवर्डच्या छापचित्राखाली कॅम्पबेलचं नाव आहे, मग वास्तुविशारद तोच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात कॅसल हॉवर्ड या इंग्लिश हवेलीच्या दर्शनी बाजूचं काळंपांढरं छापचित्र मिळालं. खाली एका कोपऱ्यात ‘सीए. कॅम्पबेल डेलिन.’ आणि दुसऱ्यात ‘एच. हल्सबर्ग स्कल्प.’ असं कोरलेलं आहे. यातला वास्तुविशारद कोण, घर खरंच असं आहे का, प्रत अस्सल आहे का आणि फ्रेम कशी करायची?

वास्तुविशारद या दोघांपैकी कुणीच नाही. कॅसल हॉवर्ड हे यॉर्कशरमधलं घर कार्लाइलच्या तिसऱ्या अर्लसाठी जॉन व्हॅनब्रूने योजलं. 1699 पासून त्याचे आराखडे सुरू झाले आणि निकोलस हॉक्समूर त्याच्या हाताशी होता. खालची नावं घर कुणी बांधलं ते सांगत नाहीत, चित्र कुणी घडवलं ते सांगतात. ‘डेलिन.’ म्हणजे ‘डेलिनिअव्हिट’, याने रेखाटलं. ‘स्कल्प.’ म्हणजे ‘स्कल्प्सिट’, याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. ‘एक्सक्यू.’ दिसलं तर तो छापून विकणारा. वास्तुरचना ज्याची, त्याच्या नावापुढे ‘इन्व्ह.’ म्हणजे ‘इन्व्हेनिट’ किंवा ‘आर्क.’ येतं. कॉलन कॅम्पबेल स्वतः वास्तुविशारद होता आणि स्वतःच्या रचनांखाली तो ‘इन्व्ह. एट डेलिन.’ असं दोन्ही लिहितो. तुमच्या प्रतीवर नुसतं ‘डेलिन.’ आहे, म्हणजे दुसऱ्याचं घर त्याने रेखाटलं. हेन्री हल्सबर्ग हा ॲमस्टरडॅमहून लंडनला आलेला कोरक्या.

चित्र बहुधा ‘व्हिट्रूव्हियस ब्रिटानिकस’ या ग्रंथातलं आहे. कॅम्पबेलने त्याचे तीन खंड काढले, 1715, 1717 आणि 1725 साली. पहिल्या खंडात कॅसल हॉवर्डचा प्लॅन आणि दर्शनी बाजू आहेत, तिसऱ्यात त्याच घराचं आकाशातून पाहिल्यासारखं मोठं दृश्य आहे. तुमचं चित्र सपाट असेल, म्हणजे आकाश नाही, झाडं नाहीत, खिडक्या काळ्या, भिंती कोऱ्या आणि खाली फुटांची मोजपट्टी, तर ते पहिल्या खंडातलं धरा. ही सपाट मांडणी मुद्दाम केलेली होती. आधीच्या पिढीत लिओनार्ड क्नायफ आणि योहानेस किप या डच जोडीने ‘ब्रिटानिया इलस्ट्राटा’मध्ये घर, बाग, तळी, रस्ते, मैलभर लांब झाडांच्या रांगा असा जमीनदाराचा सगळा पसारा पक्ष्याच्या नजरेने दाखवला होता. कॅम्पबेलने पसारा पुसून फक्त इमारत ठेवली, म्हणजे दोन घरांची प्रमाणं शेजारी ठेवून तपासता यावीत. त्याला सतराव्या शतकातला इंग्लिश वास्तुविशारद इनिगो जोन्स आणि त्याच्याही आधीचा इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ यांच्या मापशीर शैलीची बाजू मांडायची होती, आणि सोबत स्वतःलाही कामं मिळवायची होती. म्हणून बांधून झालेल्या घरांच्या मध्येच त्याने कधीच न बांधल्या गेलेल्या स्वतःच्या रचनाही बसवल्या. एसेक्समधल्या वॉनस्टेडसाठी त्याच्या तीन रचना या खंडांत मिळून छापलेल्या आहेत. बांधली गेली ती दुसरी, आणि ते घरही 1824 मध्ये पाडलं गेलं. आज त्या घराची माहिती आपल्याला मिळते त्यात या छापचित्रांचा वाटा फार मोठा आहे.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या चित्रांना फोटो समजू नका. तुमच्या चित्रात मधल्या मुख्य इमारतीच्या दोन्ही बाजूंना अगदी जुळे पंख दिसत असतील. प्रत्यक्षात व्हॅनब्रूच्या रचनेप्रमाणे पूर्वेचाच पंख झाला. पश्चिमेचा पंख व्हॅनब्रू वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1750 च्या दशकात, सर टॉमस रॉबिन्सनने उभा केला, आणि तो पॅलाडियन, म्हणजे पॅलाडिओच्या वळणाचा. आजच्या फोटोशी ताडून पाहिलंत तर दोन्ही बाजू जुळत नाहीत हे लगेच दिसेल. तिसऱ्या खंडातलं दृश्यही तो न झालेला पश्चिम भाग झाल्यासारखाच दाखवतं. यात फसवणूक नाही. काम चालू असताना मालकाने आणि वास्तुविशारदाने जे ठरवलं होतं ते पत्र्यावर कोरलं गेलं.

नॉरफोकमधलं हॉटन घ्या. रॉबर्ट वॉलपोलच्या या घराचे कोपऱ्यांवरचे बुरूज कॅम्पबेलने 1725 च्या खंडात विल्टन हाउस या जुन्या इंग्लिश हवेलीच्या धर्तीवर, त्रिकोणी माथ्याचे दाखवले. बांधताना तिथे जेम्स गिब्ज या दुसऱ्या वास्तुविशारदाचे घुमट आले. आयझॅक वेअरने 1735 मध्ये हॉटनचे नकाशे वेगळे प्रसिद्ध केले, त्यात घुमट आहेत. एकाच घराची दहा वर्षांच्या अंतराने आलेली दोन चित्रं छपरातच वेगळी आहेत. म्हणून एखादं चित्र वाचताना मी आधी पंख, छप्पर आणि कोपरे बघतो. पैसा संपला किंवा विचार बदलला की पहिली कात्री तिथेच लागते.

आणि ‘आर्क.’ असं छापलेलं असलं तरी डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नॉरफोकमधल्याच होकमच्या घराचे नकाशे मॅथ्यू ब्रेटिंगहॅमने 1761 मध्ये छापले ते वास्तुविशारद म्हणून स्वतःचं नाव घालून. त्या घराच्या मूळ रचनेत विल्यम केंट या वास्तुविशारदाचा हात मोठा होता. केंट 1748 मध्येच वारला होता आणि ब्रेटिंगहॅमने वर्षानुवर्षं बांधकामावर देखरेख केली होती, पण केंटचं नाव गाळणं त्या काळीही लोकांना खटकलं. हॉटनच्या रॉबर्ट वॉलपोलचा मुलगा, लेखक होरेस वॉलपोल याने तर त्यावर उघड संताप व्यक्त केला. 1773 च्या दुसऱ्या आवृत्तीत केंट आणि त्याचा आश्रयदाता लॉर्ड बर्लिंग्टन यांची नावं आली. तेव्हा छापलेलं नाव हा दावा धरा. तो इंग्लंडच्या वारसा इमारतींच्या अधिकृत यादीतल्या नोंदीशी ताडा, ती यादी हिस्टॉरिक इंग्लंडच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. छापचित्राची प्रत ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहातल्या प्रतीशी ताडा.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा याच पहिल्या खंडात आहे. विल्टशरमधलं विल्बरी हाउस त्यात छापलेलं आहे. विल्यम बेन्सनने ते इनिगो जोन्सच्या वळणावर स्वतःसाठी रचलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे घर सर चार्ल्स वॉर मॅलेटकडे आलं. पुण्यात सवाई माधवरावांच्या दरबारी असलेला कंपनीचा रेसिडेंट मॅलेट तो हाच. त्याने जेम्स वेल्स या चित्रकाराच्या मुलीशी लग्न केलं, आणि वेल्सने काढलेल्या वेरूळच्या लेण्यांची चित्रं टॉमस डॅनिएलने कोरून 1803 मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. विल्बरीचं पान हाती आलं तर सोडू नका.

आता अस्सलपणा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक छोटी टॉर्च एवढंच लागतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या खाचांत शाई भरतात, वरचा भाग पुसून स्वच्छ करतात, ओलसर कागद ठेवून जोरदार दाबाखाली रुळातून काढतात. त्यामुळे दोन खुणा राहतात. पहिली प्लेट मार्क: पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब, कोपरे थोडे गोलसर, आणि कडेला कुठेतरी शाईचा पुसटसा माग. दुसरी, शाई कागदाच्या वर किंचित उठून बसलेली असते. टॉर्च बाजूने, कागदाला जवळजवळ टेकवून धरली की जाड रेषांची बारीक सावली पडते. बोट फिरवून पाहू नका, घामाचा डाग राहतो.

भिंगातून रेषेचं टोक बघा. ब्यूरिनने, म्हणजे कोरण्याच्या टोकदार पोलादी हत्याराने कोरलेली रेषा बारीक सुरू होते, मध्ये फुगते आणि टोकदार संपते. ॲसिडने खाल्लेली म्हणजे एचिंगची रेषा सगळीकडे सारखी आणि बोथट टोकाची. वास्तुचित्रांत दोन्ही एकत्र येतात, त्याने घाबरून जाऊ नका. नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ती फोटोवरून केलेली छपाई. इथे अनेक जण फसतात, कारण उलटं खरं नाही. ठिपके नाहीत म्हणून प्रत जुनी ठरत नाही. या चित्रात फक्त काळ्या रेषा आहेत, करड्या छटा नाहीत, म्हणून ऑफसेटच्या पुनर्मुद्रणातही ठिपके येत नाहीत. हा ग्रंथ विसाव्या शतकात पुन्हा छापला गेला आहे आणि त्याची सुटी पानं फ्रेममध्ये घालून विकली जातात. त्यात शाई सपाट असते आणि प्लेट मार्क नसतो, किंवा नंतर कोरा दाब देऊन केलेला असतो. तसा खोटा दाब चारी बाजूंना एकसारखा, तीक्ष्ण आणि शाईविना दिसतो. मात्र खऱ्या प्रतीचेही समास पूर्वी कुणी आत कापले असतील तर प्लेट मार्क गेलेला असू शकतो. तेव्हा शाईचा उठाव आणि कागद यांवरून ठरवा.

कागद उजेडासमोर धरा. 1715 ते 1725 चा कागद ‘लेड’ असायला हवा, म्हणजे जवळजवळ असलेल्या बारीक आडव्या रेषा आणि साधारण अडीच सेंटीमीटरवर एकेक उभी रेषा. रेषांविना सपाट ‘वोव्ह’ कागद इंग्लंडमध्ये 1757 च्या सुमाराला आला, आणि शतक संपता संपता सर्रास झाला. तुमचा कागद वोव्ह असेल तर पत्रा खरा असूनही छाप उशिराचा असेल. झिजलेल्या पत्र्याचा छापही ओळखू येतो: खिडक्यांतल्या आडव्यातिडव्या बारीक रेषा फिक्या किंवा तुटक आणि बाहेरची रेघ मात्र ठळक.

आणखी एक पक्की तपासणी आहे. चित्राखाली ‘पार्लमेंटच्या कायद्यानुसार प्रसिद्ध’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तारीख असेल तर ते चित्र 1735 चं किंवा त्यानंतरचं, कारण कोरक्यांना हक्क देणारा कायदाच त्या वर्षी आला. अशा ओळीचं चित्र कॅम्पबेलच्या तीन खंडांच्या मूळ छपाईतलं असू शकत नाही. ते 1767 आणि 1771 मध्ये वुल्फ आणि गँडन या वास्तुविशारदांनी काढलेल्या पुढच्या दोन खंडांतलं असू शकतं, किंवा 1779 पासून निघालेल्या विल्यम वॉट्स या कोरक्याच्या मालिकेतलं, जिच्यात घरं लहान आणि भोवतालचा निसर्ग मोठा आहे. जॉन प्रेस्टन नील या चित्रकाराची 1818 पासूनची घरांची चित्रं त्याहून लहान, पोस्टकार्डाएवढी.

मालकाच्या पदवीवरूनही साल बांधता येतं. चॅट्सवर्थ या डर्बीशरमधल्या हवेलीच्या चित्रावर मालक ‘ड्यूक ऑफ डेव्हनशर’ असेल तर मजकूर 1694 नंतरचा, त्याआधी तो अर्ल होता.

रंग असेल तर तो नंतरचा धरा. कॅम्पबेलचे खंड रंगाविना निघाले. सुट्या पानांवर रंग बहुतेक वेळा विकण्यासाठी चढवला जातो.

मोजमाप करायचं असेल तर पट्टीने कागद मोजून ठरावीक प्रमाणाने गुणू नका. छपाईच्या वेळी कागद ओला होता, वाळताना आकसला, आणि दोन्ही दिशांना सारखाच आकसला असेल असं नाही. चित्रातलीच फुटांची मोजपट्टी कंपासने उचला आणि तिने रुंदी मोजा. एक फूट म्हणजे 30.48 सेंटीमीटर. उंचीचा आकडा थोडा सैल धरा.

फ्रेमबद्दल. इस्त्री, लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल, चारही बंद. इस्त्रीने प्लेट मार्क आणि शाईचा उठाव दोन्ही सपाट होतात, म्हणजे अस्सलपणाचा पुरावाच जातो. तपकिरी ठिपके पडले असतील तर घरी ब्लीच करू नका. तेलातली काळी शाई पाण्याला टिकते, पण कागदाचा लगदा टिकेलच असं नाही, आणि रंग चढवला असेल तर तो पसरतो. मधल्या घडीवर चीर गेली असेल तर मागून जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात. हे काम कागद-संवर्धकाकडून करून घ्या.

फ्रेमवाल्याला सांगा: आम्लविरहित मॅटबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा, पुढे त्याची कापलेली खिडकी आणि मागेही तोच बोर्ड, मागे हार्डबोर्ड थेट लावायचा नाही. खिडकी प्लेट मार्कच्या बाहेर पाच ते दहा मिलिमीटर ठेवायची, म्हणजे दाब दिसत राहतो. चित्र चारी बाजूंनी न चिकटवता वरच्या कडेला दोन छोट्या बिजागऱ्यांवर टांगायचं, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि चारी बाजूंनी अडकला तर लाटा पडतात. काच कागदाला टेकता कामा नये. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आतल्या भिंतीवर, मागे छोट्या बुचांनी हवेला जागा ठेवून लावा, आणि सप्टेंबरअखेर एकदा उतरवून मागच्या बाजूला कसर लागलेली नाही ना ते पाहा.