मेलबर्नला कायमचं जाताना घरचं सामान बोटीने न्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडचा दोन बेडरूमचा संसार, पीआर (ऑस्ट्रेलियात कायम राहायचा परवाना) हातात, दोन-तीन महिन्यांत मेलबर्न. मिस्टरांची कंपनी तिकिटांपलीकडे काही देत नाही. सामानात डबल बेड, सोफा, वॉशिंग मशीन, पुस्तकांची कपाटं, सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी, सागवानी देव्हारा आणि हार्मोनियम. पॅकर्सवाल्याने सहा क्यूबिक मीटरचा भाव दिलाय, तो स्वस्त वाटतोय. मग पाठवावं की विकून मोकळं व्हावं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. बेड, सोफा, मशीन विका. पुस्तकं आणि भांडी बोटीने पाठवा. हार्मोनियम विमानाने, तुमच्याबरोबर. देव्हाऱ्याचं शेवटी बोलू. तुम्ही दोन-चार वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर येत असतात तर बोटीचं नावही काढू नका म्हटलं असतं. पीआर आहे म्हणून एवढं लिहितोय.

तुमचं कोटेशन 'डोअर टू पोर्ट' आहे. तुम्ही टाकलेल्या मजकुरात तो शब्द आहे, तुमचं लक्ष गेलं नसावं. म्हणजे पुण्यातलं पॅकिंग, न्हावाशेवापर्यंतची ट्रक, भारतातलं कस्टम आणि बोटीचं भाडं, बस. मेलबर्नच्या बंदरात खोकी उतरली की तुमचा खरा खर्च सुरू होतो. बंदराचे हँडलिंग चार्जेस, कंटेनर डेपोत नेऊन उघडण्याचे, माल सोडवायच्या डिलिव्हरी ऑर्डरचे, कस्टमच्या कागदांचे, बायोसिक्युरिटी (बाहेरची कीड रोखायच्या) तपासणीचे आणि शेवटी घरापर्यंत टेम्पोचे. यातले बरेचसे चार्जेस मालाच्या आकारमानावर नसतात, एका खेपेवर असतात. एक क्यूबिक मीटर आणा की तीन आणा, तेवढेच पडतात. त्यामुळे "थोडंसंच पाठवू, दोन खोकी" हा सगळ्यात महागडा पर्याय. दोनच खोकी असतील तर विमानात जादा बॅगेचे पैसे भरा. बॅग कितीही मोठी असली तरी एका नगाला ३२ किलोच्या वर सहसा घेत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

काही एजंट मुद्दाम बोटीचं भाडं नगण्य दाखवतात आणि वसुली मेलबर्नच्या डेपोतून करतात. तोवर माल त्यांच्या ताब्यात असतो, तुमच्याकडे घासाघीस करायला काही उरत नाही. म्हणून भाव 'डोअर टू डोअर' मागा, आणि त्यात मेलबर्नचे कुठले चार्जेस धरलेत, कुठले नाहीत, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं "सगळं इन्क्लुडेड आहे मॅडम" काही कामाचं नाही.

आता काय न्यावं याचा हिशोब. माणसं वस्तूची किंमत बघतात: सोफा साठ हजारांचा, विकला तर दहा येतील, मग घेऊनच जाऊ. पण वाटणीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे ज्यात अनेकांचं सामान एकत्र येतं त्यात, भाडं लागतं ते घनफळाला. तीन जणांचा सोफा म्हणजे दीड क्यूबिक मीटर, आणि त्यात निम्मी हवा. फ्रंट लोड मशीन ०.३ मीटर. उलट पुस्तकांचं ४५ बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचं खोकं घ्या. एका क्यूबिक मीटरमध्ये अशी जवळजवळ पंचवीस बसतात, म्हणजे साडेचारशे-पाचशे किलो पुस्तकं. एक मीटर आणि एक टन यातलं जे जास्त भरेल त्यावर आकारणी, असा बोटीचा रिवाज, म्हणून पुस्तकं टनाच्या आतच राहतात. पितळी घागर, परात, खलबत्ता, पोळपाट, बिडाचा तवा यांचंही तेच. जड आणि आटोपशीर वस्तू बोटीला स्वस्त, फुगीर वस्तू महाग.

कुरिअरलाही फुगीर वस्तू महागच पडते. तिथे लांबी-रुंदी-उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून ५००० ने भागतात, आणि येईल ते वजन आणि खरं वजन यातलं जे जास्त ते धरतात. ६० बाय ४५ बाय ४५ च्या खोक्यात सहा किलोच्या दोन गोधड्या भरल्यात तरी बिल चोवीस किलोंचं येणार. गोधड्या हवा काढायच्या पिशवीत दाबून बॅगेतच आणा.

दुसरी गोष्ट वेळेची. वाटणीच्या कंटेनरमधलं सामान घरोघरी पोचायला दोन-अडीच महिने सहज जातात. बोट वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला बदलते, इथे मेलबर्नला तपासणीची रांग असते. इथल्या भाड्याच्या घरात शेगडी, ओव्हन आणि भिंतीतली कपाटं असतात, पण फ्रिज आणि वॉशिंग मशीन बहुतेक वेळा तुमचं तुम्हाला आणावं लागतं. ते पहिल्या आठवड्यातच लागतं. झोपायला गादीही पहिल्या रात्रीच लागते. म्हणजे बोट येईपर्यंत तुम्ही हे सगळं विकत घेतलेलं असणार, आणि मग पुण्याचा बेड आल्यावर तो ठेवायचा कुठे यावर घरात बोलणी होणार. फेसबुक मार्केटप्लेस आणि गमट्री या जुन्या वस्तू विकायच्या साइटवर इथे चांगलं फर्निचर कवडीमोलाने मिळतं, कारण इथली माणसंही सारखी घरं बदलतात. रिचमंड आणि स्प्रिंगव्हेलला आयकिया आहे. पुण्यातला बेड मात्र निघायच्या आदल्या आठवड्यात विकायला काढू नका, पडेल भावात जाईल. आत्ताच फोटो टाका, आणि ताबा निघताना देणार असं लिहा.

मिक्सरचं विचारलं नाहीत, पण सगळेच विचारतात म्हणून. इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, भारतासारखीच. मिक्सर चालतो, फक्त पिन तिरकी असते, अडॅप्टर लागतो. चटणीचं भांडं इथे मनासारखं मिळत नाही, तेव्हा मिक्सर आणाच. कुकर आणाल तर बूड इंडक्शनवर चालणारं आहे का ते बघा, नव्या घरांत गॅस असेलच असं नाही. गॅस्केट आणि शिट्टी दोन-दोन जास्त.

आता मुख्य मुद्दा, ज्यात आपल्याकडची बहुतेक सामानं अडकतात: बायोसिक्युरिटी. ऑस्ट्रेलिया शेतीमाल मोठ्या प्रमाणावर निर्यात करणारा, चारी बाजूंनी समुद्र असलेला देश. बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून हे लोक जे करतात ते आपल्याला अतिरेकी वाटतं, पण कारण खरं आहे. खाप्रा भुंगेरा नावाची धान्याची कीड आहे, आपल्याकडच्या कोठारांतली जुनी रहिवासी. ती शिरली तर यांची गव्हाची निर्यात धोक्यात येते. म्हणून २०२० पासून बोटीने मागाहून येणाऱ्या घरगुती सामानात तांदूळ, हरभरा, जिरं, धणे, सुक्या मिरच्या अशा वस्तूंना सरळ बंदी आहे. पाकीट बंद असो की घरी कुटलेलं.

"आम्ही कुठे धान्य आणतोय" असं म्हणाल. पण देव्हाऱ्याचा खण उघडून बघा. अक्षता, सुपाऱ्या, हळकुंडं, कधीच्या सत्यनारायणाचा बांधून ठेवलेला नारळ, वाळलेली फुलं, दूर्वांची जुडी. हे सगळं वनस्पतीजन्य, आणि अक्षता म्हणजे तांदूळ. पॅकर्सची पोरं खण न उघडता देव्हारा बबल रॅपमध्ये गुंडाळतात. तसंच मसाल्याचा डबा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा डबा भरल्या वाट्यांसकट पॅक होऊन आला होता. तपासनीसाने झाकण काढलं, मोहरी आणि जिरं खोक्यात सांडलेलं. मग ते खोकं बाजूला, शेजारची खोकी उघडा, साफ करा, तपासणी परत. तपासणीचे पैसे वेळेच्या हिशोबाने लागतात, आणि ते तुम्हीच भरायचे.

खोकी वाण्याकडून आणू नका. फळं, भाजी, अंडी, मांस आलेली खोकी चालत नाहीत, गवत-पेंढा तर नाहीच. हापूसची पेटी कितीही मजबूत असली तरी ती पुण्यातच राहू दे. नवी खोकी घ्या, भरायला कोरा कागद घ्या. केरसुणी, सूप, टोपल्या, परड्या सोडून द्या. मुलांची सायकल, बागेची खुरपी, ट्रेकचे बूट आणायचे असतील तर दात घासायच्या ब्रशने तळव्याच्या खाचा साफ करा, इथे वाळलेली मातीसुद्धा पकडतात. पेढे, बर्फी, दुधाची मिठाई ना बोटीने ना बॅगेतून. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याची वस्तू असेल तर 'हो' वरच खूण करा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्या वस्तूला जबर दंड असतो.

प्रत्येक खोक्यावर नंबर आणि प्रत्येकाची वेगळी यादी करा. यादीत "किरकोळ सामान" असं लिहिलेलं खोकं आधी उघडलं जातं. "खोकं ७: स्टील आणि पितळेची वापरलेली भांडी, १४ नग" असं लिहा. लाकडाच्या वस्तू सगळ्या एका ठिकाणी ठेवायला सांगा, म्हणजे तपासणीला तेवढंच काढावं लागतं. पॅकिंग कोणीही केलेलं असो, आत काय आहे याची जबाबदारी सही करणाऱ्याची, म्हणजे तुमची.

ड्युटीचं फारसं टेन्शन नाही. वस्तू निघण्यापूर्वी सलग बारा महिने तुमच्या मालकीच्या आणि वापरातल्या असतील तर कर लागत नाही. त्यासाठी बी५३४ नावाचा फॉर्म असतो, पासपोर्टच्या प्रतीसह. जाताना हौसेने नवा डिनर सेट, नवा टीव्ही घेऊन बोटीत टाकायची कल्पना मात्र रद्द करा. तो सवलतीत बसत नाही.

विमा घ्या, पण अट वाचून. खोकी तुम्ही स्वतः भरलीत तर बहुतेक विमे आतल्या फुटतुटीची भरपाई देत नाहीत, अख्खं खोकं हरवलं तरच देतात. काचेचं आणि चिनी मातीचं त्यांच्याकडून पॅक करून घ्या, पुस्तकं-भांडी तुम्ही भरा. आणखी एक कलम असतं, 'जनरल अ‍ॅव्हरेज'. बोटीवर संकट आलं आणि बोट वाचवायला खर्च झाला तर तो सगळ्या मालधन्यांत वाटला जातो, तुमचा माल सुखरूप असला तरीही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या जहाजावर हेच जाहीर झालं होतं. तुमची बोट त्या वाटेने येत नाही, पण नियम तोच. विम्यात हे धरलंय ना, एवढं विचारा.

सासूबाईंच्या भांड्यांबद्दल. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षांची. साधी घागर, तपेली याला कोणी विचारत नाही. पण नक्षीदार समई, जुनी मूर्ती, आजोबांच्या हातची पोथी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला आधी घ्या. दाखला मिळाला नाही तर वस्तू भारतातच, दिराकडे किंवा नणंदेकडे. दागिने बोटीत टाकू नका, अंगावर किंवा हातातल्या बॅगेत. भारी दागिने पुढे परत नेणार असाल तर मुंबईच्या विमानतळावर निघतानाच कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यासाठी तास-दीड तास लवकर पोचा.

हार्मोनियम विमानाने का, तर बोटीचा कंटेनर विषुववृत्त ओलांडताना दिवसा तापतो, रात्री आत दव धरतं. भात्याची चामडी, पुठ्ठा आणि सरसाचे जोड याला ते सोसत नाही. पेटी कडक केसमध्ये घालून चेक-इन करा, वजनात सहज बसेल. कार्डावर लाकूड आणि चामडं आहे असं जाहीर करा, बघतात आणि सोडतात. पुस्तकांच्या खोक्यांत मात्र सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि कसर लागलेलं एकही पुस्तक आत जाऊ देऊ नका. दिवाळी अंकांचे गठ्ठे कोणाला तरी देऊन टाका. जड जातंय, ठाऊक आहे.

राहिला देव्हारा. पॉलिश केलेलं, साल नसलेलं, कीड नसलेलं सागवान इथे येतं. कीड निघाली तर फ्युमिगेशन (कीड मारायची धुरी) करा, परत पाठवा किंवा नष्ट करा, हेच पर्याय, सगळे तुमच्या खर्चाने. म्हणून आज-उद्या तो भिंतीपासून ओढा आणि मागून, खालून टॉर्च मारून बघा. मागच्या फळीला बहुतेक वेळा पॉलिश नसतं, पुष्कळदा ती सागाची नसतेच, साधं प्लाय किंवा देवदार असतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर देव्हारा पुण्यातच ठेवा, देव तेवढे हातातल्या बॅगेतून आणा. स्वच्छ असेल तर खण रिकामे करून ब्रशने झाडून पाठवा. मागची फळी कशाची आहे ते आणि त्याची लांबी-रुंदी-उंची इथे कळवा. पुस्तकं आणि भांडी मिळून किती खोकी होतात तेही लिहा, म्हणजे सहाचे किती मीटर खाली येतात ते मांडून देतो. पॅकर्सवाल्याला तोवर होकार कळवू नका.