ग्रोथ हॉर्मोनचं डोपिंग पकडण्यावर मुंबईत राहून पीएचडी करण्यासारखं काही उरलंय का?

तुम्ही विचारलंय की बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, घर मुंबईत आहे, खेळाडूंमधलं ग्रोथ हॉर्मोन डोपिंग पकडण्यावर पीएचडी करायची आहे. पण टेस्ट तर आधीच निघाल्यात, मग आपण करायचं काय?

खूप काही. मी याच विषयात परळच्या एका प्रयोगशाळेत साडेपाच वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेरून घेतलेलं कृत्रिम स्टेरॉइड लघवीत सापडलं की प्रश्न मिटतो. इथे इंजेक्शनमधलं हॉर्मोन 191 अमिनो आम्लांचं, आणि आपल्या पिट्युटरीतून, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीतून, येणारं मुख्य रूपही हुबेहूब तेच. लघवीत ते नावापुरतं उतरतं, त्यामुळे रक्तच घ्यावं लागतं. आणि पिट्युटरी ते थांबून थांबून, उसळीने सोडते. गाढ झोपेत वाढतं, जोर-बैठका मारल्या की वाढतं. एकाच मुलाचे दोन तासांतले दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली टेस्ट यातून वाट काढते ती अशी. सोसायटीच्या विहिरीत टँकर ओतल्याची कल्पना करा. विहिरीचं पाणी मिश्र असतं: पिट्युटरी 22 किलोडाल्टनच्या (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) रूपासोबत 20 किलोडाल्टनचं आणि आणखीही काही रूपं सोडते. टँकरमध्ये, म्हणजे इंजेक्शनमध्ये, फक्त 22 असतं. शिवाय टँकर आला की विहिरीचे झरे मंदावतात, कारण शरीर स्वतःचं हॉर्मोन सोडणं कमी करतं. मग प्रमाण 22 कडे झुकतं आणि ते मोजता येतं. ही टेस्ट 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वापरात आली, पण पहिला खेळाडू सापडला तो थेट नोव्हेंबर 2009 च्या नमुन्यात, ब्रिटनचा एक रग्बीपटू. इंजेक्शननंतर साधारण दिवसभरात रक्त घेतलं तरच हा फरक दिसतो, आणि स्पर्धेच्या दिवशी टोचून घेण्याइतकं कुणी भोळं नसतं.

म्हणून दुसरी टेस्ट हॉर्मोनच्या मागे राहिलेल्या खुणा शोधते: आयजीएफ-1 आणि पी-थ्री-एनपी. पहिलं मुख्यतः यकृतातून येतं, दुसरा कोलॅजन तयार होताना सुटणारा तुकडा आहे. या खुणा अनेक दिवस टिकतात. दुखापत भरून येतानाही पी-थ्री-एनपी चढतं, त्यामुळे दोन्ही आकडे मिळून एकच गुण काढतात. लंडनच्या 2012 च्या पॅरालिंपिकमध्ये याच टेस्टने दोन पॉवरलिफ्टर पकडले.

आता उरलेलं काम. ‘नैसर्गिक’ कुठे संपतं, ती रेघ कुठे मारायची? एस्टोनियाचा ऑलिंपिक विजेता स्कीपटू आंद्रुस वीरपालू 2011 मध्ये पहिल्या टेस्टमध्ये अडकला आणि 2013 मध्ये क्रीडा लवादाकडून सुटला. लवादाने टेस्ट विश्वासार्ह मानली, त्याने हॉर्मोन घेतल्याकडे बोट दाखवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत असंही म्हटलं. पण मर्यादेचा आकडा ज्या संख्याशास्त्राने काढला होता ते पुरेसं भक्कम नव्हतं. हे प्रकरण तुम्ही मुळातून वाचाच. माझ्या मते ही पीएचडी निम्मी पिपेटची आणि निम्मी संख्याशास्त्राची आहे, आणि आपल्याकडची मुलं नेमकी दुसऱ्या निम्म्यात कच्ची राहतात. मीही होते.

दुसरी गोष्ट वयाची. आयजीएफ-1 वयात येताना शिखरावर असतं, नंतर उतरत जातं. म्हणून दुसऱ्या टेस्टच्या सूत्रात वयासाठी वजावट आहे: वय जितकं कमी, तितकी वजावट जास्त. 2023 मध्ये लालबागच्या एका मैदानावर मी कबड्डीच्या मुलांचं रक्त घेत होते. एक मुलगा कागदावर 16 वर्षांचा, त्यामुळे संमतीपत्रावर सही करायला आई आली होती. मी सहज विचारलं, “काकू, हा कधीचा?” त्या म्हणाल्या, “अगं, सव्वीस जुलैच्या पुरात सहा महिन्यांचा होता. डोक्यावर टोपलीत धरून नेला याला.” म्हणजे जन्म 2005 च्या जानेवारीचा, वय 18. मुलगा मान खाली घालून हाताला लावलेला कापूस दाबत बसला. मला त्याचा राग आला नाही. पण त्या संध्याकाळी मी आधीची सगळी नोंदवही काढून बसले, कारण चुकीचं वय धरलं तर असा मुलगा औषध घेऊनही सूत्रातून निसटू शकतो.

मुंबईत हे होईल का? होईल. वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, मान्यता असलेली प्रयोगशाळा देशात एकच, दिल्लीची एनडीटीएल. तिचीही मान्यता 2019 मध्ये स्थगित होऊन डिसेंबर 2021 मध्ये परत मिळाली. शिक्षा ठरवणारी चाचणी तिथेच होणार. पण संशोधनाला लागणारा एंडोक्रायनॉलॉजी (हॉर्मोनच्या आजारांचा) विभाग परळच्या केईएम रुग्णालयात आहे, आणि कबड्डीची मैदानं, तालमी, जिम तर चालत जायच्या अंतरावर. धडधाकट माणसांना हॉर्मोन टोचून अभ्यास करायला एथिक्स कमिटी सहजी परवानगी देणार नाही, तेव्हा त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नका. न घेणाऱ्यांचे नमुने गोळा करा: मुलीही हव्यात, वेगवेगळे खेळ हवेत, आणि एकाच खेळाडूचे वर्षभरात चार-पाच तरी नमुने हवेत. 2023 पासून ग्रोथ हॉर्मोनच्या खुणाही खेळाडूच्या जैविक पासपोर्टमध्ये आल्यात. तिथे खेळाडूची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी होते, म्हणून असे नमुने सोन्याच्या मोलाचे.

आणि फॉर्ममध्ये वयाचे दोन रकाने ठेवा. एक आधारवरच्या वयाचा, दुसरा आईने सांगितलेल्या.