गुलमर्ग की औली? बर्फाचे आकडे कसे वाचावेत

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत मुलांना स्कीइंग शिकवण्यासाठी काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडातील औली येथे जाण्याचा विचार आहे. हंगामातील एकूण हिमवृष्टीच्या आकड्यांत गुलमर्ग बरेच पुढे दिसते. तेवढ्यावरून निर्णय घ्यावा का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : केवळ तेवढ्यावरून घेऊ नये. हंगामाची बेरीज पडलेल्या बर्फाची असते, तर स्कीइंगसाठी उतारावर टिकून राहिलेला थर लागतो. ताजा, भुसभुशीत बर्फ स्वतःच्या भारानेच दबत जातो आणि कोरडे, उन्हाचे दिवस लागले की झपाट्याने कमी होतो. म्हणून आपल्या मुक्कामाच्या आठवड्यात उतारावर किती जाडीचा थर असतो, हे आधी विचारावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडा कोणत्या उंचीवरचा आहे, हे पाहणे. गुलमर्गचे पठार सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, तर गोंडोलाचे (केबल कारचे) सर्वांत वरचे स्थानक शेजारच्या अफरवट पर्वताच्या अंगावर 3,900 मीटरच्याही वर आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे वर हिमवृष्टी होत असताना खाली पाऊस पडत असणे अगदी शक्य आहे. महाबळेश्वरचा पाऊस पाहून पाचगणीचा अंदाज बांधू नये, हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. नवशिकी मुले पठारालगतच्या सौम्य उतारांवरच शिकणार असल्याने अफरवटचा आकडा त्यांच्या उपयोगाचा नाही. औलीचे उतार साधारण 2,500 ते 3,000 मीटरच्या दरम्यान आहेत. त्यांची तुलना गुलमर्गच्या पायथ्याशीच व्हायला हवी.

अशी तुलना केली तरीही माझा कौल गुलमर्गलाच आहे. हिवाळ्यात हिमालयाला बर्फ देणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान प्रणाली, काश्मीरला अधिक वेळा आणि अधिक जोराने भिडतात. औली बरेच दक्षिणेला असल्याने तेथे पोहोचेपर्यंत त्यांतले काही क्षीण होतात. औलीचे उतार शिकण्यास उत्तम आहेत आणि समोर नंदादेवीचे दर्शन घडते. मात्र 2023 मध्ये औलीच्या पायथ्याच्या जोशीमठ गावाची जमीन खचू लागल्यावर जोशीमठ-औली रोपवे बंद करण्यात आला, हे ध्यानात ठेवावे.

तथापि गुलमर्गही हमखास नाही. जानेवारी 2024 मध्ये तेथील उतार बराच काळ उघडे पडले होते, आणि 2025 मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. सरासरीत अशी वर्षे दडून जातात. त्यामुळे मागील पाच-सहा वर्षांतील त्याच आठवड्याची स्थिती वर्षवार पाहावी, शक्यतो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडावा, तारीख बदलता येईल असेच आरक्षण करावे आणि निघण्याच्या आठवडाभर आधी तेथील प्रशिक्षकाला दूरध्वनी करून खालच्या उतारावरचा थर विचारावा.