२१:९ च्या, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद टीव्हीवर सिनेमा पूर्ण पडदाभर केला की सबटायटल्स खाली कापली जातात. ती नीट कशी दाखवायची?

सबटायटल्स चित्राच्या आत आणा. चित्राखालच्या काळ्या पट्टीत राहूच देऊ नका. चित्राचा थोडा भाग झाकला जाईल, जाऊ दे. या एका मुद्द्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. माझ्या दादाशी तर तीन वर्षं भांडतेच आहे.

आम्ही नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. फिलिप्सने २००९ साली ५६ इंची २१:९ टीव्ही काढला, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात रुंद पडदा बसला होता. शेवटी मिळाला तो दुसऱ्याच कंपनीचा, वापरलेला. त्याच उन्हाळ्यात आई पुण्याहून ९० दिवसांच्या व्हिसावर आली. तिला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, आणि यंत्र लावलं तरी सिनेमातले संवाद एकमेकांत मिसळतात. पण सबटायटल्स वाचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. लग्नानंतर ती आणि बाबा लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जगभरचे सिनेमे बघायचे, ती सवय तिथली.

पहिल्याच शनिवारी आम्ही एक जुना जपानी सिनेमा लावला, कृष्णधवल, स्कोपमधला, म्हणजे खूप रुंद चौकटीचा. नवऱ्याने झूम केलं, वरखालच्या पट्ट्या गेल्या आणि चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं. फार सुंदर दिसत होतं. अर्ध्या तासाने टेलिफोनवरच्या बोलण्याचा प्रसंग आला आणि आई हळूच म्हणाली, "खालच्या ओळीत काय होतं गं?" मी नीट बघितलं. वरची ओळ पूर्ण होती. खालच्या ओळीतल्या अक्षरांची नुसती डोकी दिसत होती, कंपाउंडच्या भिंतीमागे माणसं उभी असावीत तशी. मी विचारलं, "कधीपासून असं दिसतंय?" तर म्हणाली, "पहिल्यापासूनच. वरच्या ओळीवरून अंदाज बांधत होते. म्हटलं, तुम्ही एवढ्या हौसेने लावलाय." अर्धा तास माझी आई अर्धी वाक्यं वाचत बसली होती आणि शेजारी बसून मला पत्ता नव्हता. ते अजून मनातून जात नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, सिनेमा बघायचा असतो, वाचायचा नसतो. चित्रावर अक्षरं आणलीस तर चौकटीची वाट लागते. आईला झूम न करता, नेहमीच्या टीव्हीच्या १६:९ आकारात लावून दे." म्हणजे चारही बाजूंनी काळं आणि मधे पाऊणपट रुंदीचं चित्र! ज्याला ऐकू येत नाही त्याने छोटं चित्र बघायचं, हा कुठला न्याय?

हे का होतं, तर ब्ल्यू-रेची चौकट १९२०×१०८० ची, म्हणजे ठिपक्यांच्या १०८० आडव्या ओळींची. त्यात २.३९:१ चा (उंचीच्या २.३९ पट रुंद) सिनेमा साधारण ८०४ ओळींत बसतो, बाकी वरखाली १३८-१३८ ओळी काळ्या. टीव्ही झूम करतो तेव्हा वरच्या आणि खालच्या १३५-१३५ ओळी सरळ फेकून देतो. खालच्या पट्टीत बसवलेली सबटायटल्स त्यातच जातात. डिस्कवरची सबटायटल्स म्हणजे मजकूर नसून छोटी चित्रं असतात आणि त्यांची जागा डिस्क बनवतानाच ठरते, त्यामुळे बहुतेक प्लेअर ती हलवू शकत नाहीत. ओप्पोच्या ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये ती वरखाली सरकवायची सोय होती, पण २०१८ मध्ये त्यांनी हा धंदाच बंद केला. जुना मिळाला तर घ्या.

आम्ही टीव्हीला लॅपटॉप जोडला. सबटायटल्सची वेगळी एसआरटी फाइल (नुसत्या मजकुराची) असेल तर एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये छोटा 'आर' (r) दहा-पंधरा वेळा दाबा, ओळी वर चढतात. कोडी या प्लेअरमध्ये सबटायटल्सची जागा 'व्हिडिओच्या खाली' नव्हे, तर 'व्हिडिओच्या तळाशी' अशी निवडा. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये जागा पिक्सेलमध्ये भरता येते.

आणि दादाच्या चौकटीबद्दल. थिएटरच्या रिळांवर सबटायटल्स चित्रातच कोरलेली असायची. पडद्याखाली काळी पट्टी नव्हतीच, मग अक्षरं जाणार कुठे? आई सांगते, बर्फाचं दृश्य आलं की पांढऱ्यावर पांढरी अक्षरं विरून जायची आणि सगळं प्रेक्षागृह पुढे वाकायचं. सबटायटल्सना पट्टीची सवय लावली ती घरच्या टीव्हीने. तेव्हा चित्रावरची अक्षरं म्हणजे सिनेमाचा अपमान, हे दादाने मला तरी सांगू नये.

थोड्या गोष्टी राहिल्या. काही सिनेमांत आयमॅक्सची दृश्यं मधेच उंच होतात, तिथे झूममध्ये डोकी कापली जातात. असे सिनेमे १६:९ वरच बघा, तेवढ्यापुरतं दादाचं बरोबर. आणि ओटीटीच्या ॲपमध्ये सबटायटल्स कुठे दिसणार ते ॲप ठरवतं, तिथे वरचं काही चालत नाही. काही टीव्हींत झूम केल्यावर अख्खं चित्र वर सरकवता येतं, ते करून बघा. वरून थोडी कपाळं जातील, पण ओळी दिसतील. अक्षरांचा रंग बदलता येत असेल तर पिवळा ठेवा. आईने पहिल्यांदा मागितलेला बदल तोच होता.